स्पीकर घरी ठेवा

आज डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. इथे स्कॉटलंडमध्ये लॉख लोमंड सरोवराच्या पूर्व काठावर बाल्माहा गाव आहे, त्याच्या वर क्रेगी फोर्ट नावाची छोटीशी टेकडी. ओकच्या रानातून वाट जाते. माथ्यावरून बेटांची रांग दिसते, पार इंचमरिनपर्यंत. त्या माथ्यावर आज ब्लूटूथ स्पीकर, फुल्ल आवाजात ढोल-ताशा! वाजवणारे आपलेच, मराठी. म्हणून जास्त लागलं.

गेल्या मे महिन्यात आईला तिथे नेलं होतं. गुडघे दुखतात, थांबत थांबत चढली. मध्येच कक्कू पक्षी ओरडला. आई म्हणाली, "हा आपल्या पावशाच्या भावकीतला दिसतोय." आहेच, एकाच कुळातले दोघं. मग बोललीच नाही, ऐकत बसली. साताऱ्यात सकाळपासून टीव्ही लावून ठेवणारी माझी आई!

आज कक्कू ओरडलाही असेल. कळणार कसं?

मी सांगायला गेले तर म्हणे, "मोकळी जागा आहे, कोणाच्या बापाची नाही." अरे, मोकळी आहे ती २००३ च्या कायद्यामुळे! स्कॉटलंडमध्ये जमीन कोणाचीही असो, डोंगरात, रानात, पाण्याकाठी फिरायचा हक्क आहे. पण जबाबदारीनं वागलात तरच. याच काठावर लोकांनी तंबू ठोकून, दारू पिऊन धिंगाणा घातला, तेव्हा २०११ मध्ये तंबूंवर निर्बंध आले. चांगलं वागणाऱ्यांनाही आता परवाना काढावा लागतो. एवढं डोळ्यांसमोर असून आपण शिकायचं नाही?

हो, ऊन पडलं की इथली पोरंही हेच करतात. मान्य. म्हणून आपणही करायचं?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. आठवडाभर परक्या भाषेत काम करून शनिवारी आपली माणसं भेटली की आवाज चढतो, हे मला कळतं. गणपतीत हॉल घ्या, वाजवा, मी स्वतः लेझीम घेऊन पुढे येईन. पण त्या रानात तुमच्याआधी कोणीतरी बोलत असतं हो. माझ्या आईला ते चढणीवर, धापा टाकताना ऐकू आलं.

पुढच्या शनिवारी मी परत जातेय. ब्लूबेल्सची निळी फुलं अजून आहेत. ग्लासगोहून ट्रेननं बॅलोक, तिथून बस. यायचं असेल त्यांनी खाली लिहा. डबे आणा, पोरं आणा, आई-वडील आले असतील तर त्यांना नक्की आणा, सावकाश चढू. स्पीकर घरी.