धर्मशाळा जपावी कशी? नव्या विश्वस्तांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

अभिनंदन! गावची जुनी धर्मशाळा जपायच्या समितीवर तुमची वर्णी लागली. वास्तू देखणी आहे. जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौलं, लांबलचक पडवी. खोट एकच, आत अजून म्हातारी माणसं राहतात. दात्याने ती निराधारांसाठीच बांधली असं दानपत्रात लिहिलंय म्हणे. पण दानपत्र मोडी लिपीत आहे, तेव्हा काळजी नसावी.

आधी ‘धोकादायक इमारत’ हा फलक लावा. भिंतीला तडा नसेल तर पाडून घेता येतो. जांभा पाणी पितो आणि सोडतोही, चुन्याचा गिलावा त्याला आडकाठी करत नाही. तुम्ही वरून सिमेंट थापा. ओल आत कोंडेल, दोन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटतील आणि ‘जुनं बांधकाम, दुसरं काय होणार’ म्हणायला तुम्ही मोकळे. कोणी फारच खोलात शिरलं तर मे 2021 चं तौक्ते वादळ आहेच. आमच्याकडे तेव्हापासूनची प्रत्येक भेग त्याच्याच खात्यावर पडते.

रहिवाशांपासून मात्र सावध. पडवीतल्या बाकड्यावर एक आजी बसलेली असते. मे उजाडला की काठी वर करून ती सुरू होते, “अरे, त्या कोनावरचां कौल सरकलां हा, पाऊस येवच्या आदी बसव मरे!” कुठे गळतं आणि त्याखाली कुठला टोप ठेवायचा, सगळं तिला पाठ. असल्या माणसांमुळे वाशावरची वाळवी वेळेत दिसते, चुलीच्या धुराने लाकडाला कीड धरत नाही आणि इमारत उगाचच टिकते. हे टिकणं अगदी अशास्त्रीय. त्याला ना आराखडा, ना सल्लागाराची फी!

म्हणून त्यांना ‘तात्पुरतं’ हलवा. तालुक्याला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. परत येण्याचा विषय गुडघेच मिटवतात.

राहता राहिला कायदा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 चा अधिनियम, कलम 36. धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय ट्रस्टची जागा विकता येत नाही, इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. मग दोन वर्षं अकरा महिन्यांचा करार करा. भाडेकरू मेहुणा असला तर बोलणी लवकर उरकतात.

पुढे होमस्टे. सोलकढी, पितळी तांब्या, भिंतीवर टांगलेलं सूप. एका खोलीला ‘आजीची खोली’ असं नाव द्या. आजी गेल्यावर ते शोभतं, आणि त्या खोलीचं भाडं थोडं जास्त लावता येतं.

कौलं कोण शाकारणार, असं सभेत कोणी विचारलं तर वर निळा पत्रा टाकायचा ठराव तयार ठेवा. कोटेशन मेहुण्याकडेच आहे.