दळण आणि पीडीएफ

आमच्या दिवाळी अंकाची पानं छापखान्यात धाडायची रात्र आणि घरातलं पीठ संपायची रात्र दरवर्षी एकच असते. त्यात नियतीचा हात आहे की बायकोचा, हे अजून कळलेलं नाही.

"गिरणीत डबा ठेवलाय. नऊच्या आत घेऊन या," ही म्हणाली.

"त्याचा पोरगा आणून देईल की."

"त्याला वॉचमन वर सोडत नाही."

"सोडेल," मी स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणालो.

पीडीएफ ६४० एमबीची. जीमेल २५ एमबीपुढे हात जोडतं. छापखान्याचं म्हणणं, "काका, आमच्याकडे सगळं एफटीपीवरच येतं." ही एफटीपीची, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल धाडायची, पद्धत १९७१ साली अभय भूषण यांनी अमेरिकेत एमआयटीत बसून मांडली. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला माणूस! तेवढ्यावर मला ती घरचीच वाटू लागली होती.

नाव टाकलं, पासवर्ड टाकला. छापखान्याचा सर्व्हर म्हणाला २२०, म्हणजे या. मग २३०, म्हणजे बसा. मी बसलो. फाइल ओढून टाकली, आणि ४२५. सामान न्यायला वाटच जुळेना. पुन्हा केलं. या, बसा, ४२५. काही नातेवाइकांकडे असंच होतं. तासभर गप्पा होतात, चहा काही येत नाही.

छापखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्या पोराला फोन लावला.

"काका, मोड ॲक्टिव्ह आहे का पॅसिव्ह?"

"ॲक्टिव्ह." तो मीच निवडला होता. डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात ॲक्टिव्ह राहायला सांगितलंय.

मग त्याने जे सांगितलं ते मला गिरणीमुळेच कळलं. एफटीपीत दोन वाटा असतात. एकवीस नंबरच्या पोर्टावर, म्हणजे सर्व्हरच्या एका दारावर, नुसतं बोलणं: काय हवंय, काय देतोय. गिरणीवाल्याला करतो तो फोन म्हणा ना. माल मात्र वेगळ्या वाटेने जातो. ॲक्टिव्हमध्ये मी नुसता पत्ता सांगायचा आणि माल न्यायची वाट सर्व्हरने, स्वतःच्या वीस नंबरच्या पोर्टातून, माझ्या दारापर्यंत आणायची. थोडक्यात, गिरणीचा पोरगा घरी येणार.

"तुम्ही पत्ता काय दिलाय बघा," तो म्हणाला.

स्क्रीनवर होतं: पोर्ट १९२,१६८,१,७,१९५,८०. पहिले चार आकडे पत्त्याचे. उरलेल्या दोनांतल्या पहिल्याला २५६ ने गुणायचं आणि दुसरा मिळवायचा, की दाराचा नंबर मिळतो. मी कागदावर केलं, पन्नास हजार बरोबर! पाढे पाठ असल्याचा एवढा उपयोग चाळीस वर्षांत झाला नव्हता.

"दार ठीक आहे हो, पण १९२.१६८ हा तुमच्या घरातल्या घरातला पत्ता."

म्हणजे मी गिरणीवाल्याला सांगत होतो, 'मधल्या खोलीत, खिडकीपाशी आणून दे.' मधली खोली घरोघरी असते. आणि पत्ता खरा दिला असता तरी आमच्या राउटरने, न बोलावता बाहेरून कोण आलं म्हणून, त्याला गेटवरच अडवलं असतं.

"पॅसिव्ह करा. मग सर्व्हर नुसतं दार उघडून बसेल आणि तुम्ही जायचं."

म्हणजे पॅसिव्ह तो, धावायचं मी! हे नाव ठेवणारा माणूस नक्की सर्व्हरच्या बाजूचा असणार.

केलं पॅसिव्ह. सर्व्हरने २२७ म्हणत दाराचा नंबर दिला. मी गेलो. दार बंद. पुन्हा फोन. अर्धा मिनिट शांतता, मग, "अरे हां काका, आमच्या फायरवॉलमध्ये ती पोर्टं उघडायची राहिलीत." हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मीच 'असू दे, असू दे' म्हणालो.

नऊला पाच कमी असताना हिरवी पट्टी सरकू लागली. आमचं अपलोड म्हणजे देवळातली रांग. नऊ वीसला २२६ आलं, पोचलं सगळं! मी खुर्चीतच हात वर केले.

"पीठ?" आतून आवाज आला.

चपला घालून खाली उतरलो. गेटवर वॉचमन उठून उभा राहिला. "साहेब, मघाशी एक पोरगा डबा घेऊन आला होता. कुणाकडे विचारलं तर म्हणे, काकांकडे. फ्लॅट नंबर नाही, काही नाही. दिला परत पाठवून."

"बरं केलंस," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

गिरणीचं शटर खाली होतं. तिथेच उभं राहून फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"तुमचं दळण ना? केव्हाच झालंय, काका," गिरणीवाला म्हणाला. "काळजीच करू नका. उद्या पोराला पाठवतो."