हळू मारलेला बॉल त्या गेमला कळतच नाही

गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी टीव्हीसमोर उभी राहून व्हिडिओ गेममध्ये पूल (बिलियर्डचाच प्रकार, काठीने मारून टेबलाच्या पॉकेटमध्ये बॉल घालायचे) खेळतेय आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. पोस्ट मोठी आहे. ज्यांनी कधी क्यू, म्हणजे ती काठी, हातात धरलाय त्यांनी तरी पूर्ण वाचा, कारण मला तुमचंही मत हवंय.

हा गेम मला का हवा होता ते आधी सांगते. कॉलेजात असताना दादाने मला पहिल्यांदा टेबलापाशी नेलं. पहिले कित्येक दिवस त्याने मला एकही बॉल पॉट करू, म्हणजे पॉकेटमध्ये घालू दिला नाही. क्यूने मारायचा तो पांढरा बॉल समोरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लावून परत आपल्याकडे आणायचा आणि जवळच्या कुशनपाशी थांबवायचा, एवढंच. मी कंटाळायचे, तो म्हणायचा, "जोर कुणालाही लावता येतो गं, थांबव तो बॉल." पुढे कळलं की ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, कुणी करायचा हे ठरवायला खेळाडू हेच करतात, त्याला लॅग म्हणतात. त्या दिवसांनी माझ्या हाताला जे शिकवलं ते आजही हातात आहे. पण चार वर्षांपूर्वी कंबरेचं ऑपरेशन झालं आणि हनुवटी क्यूला टेकेपर्यंत वाकणं कायमचं बंद झालं. टेबल सुटलं. ते मला फार लागलं, आजही लागतं.

घरात निन्टेन्डो वी हा जुना गेम कन्सोल आहे, अजून ठणठणीत. रिमोट हातात धरून हलवायचा आणि खेळायचं. जुन्या डिस्कमध्ये बिलियर्डचा एक गेम दिसला तेव्हा वाटलं, न वाकता, उभ्याने मारता येईल. माझ्या बारा वर्षांच्या लेकीला मी काय खेळायचे ते दाखवता येईल. गेमचं आणि तो काढणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही. डिस्क जुनी आहे, आणि मला बोलायचंय ते त्यात जे हरवलंय त्याबद्दल.

पहिल्या संध्याकाळी दोघी खूश होतो. टेबल छान दिसतं, बॉलवर दिव्यांचं प्रतिबिंब पडतं, खेळाचे प्रकारही आहेत: एट बॉल, नाइन बॉल, स्नूकर. ब्रेक मारताना मजा येते. हात जोरात पुढे नेला की रॅक (एकत्र रचलेले बॉल) फुटतो, आवाजही खऱ्यासारखा. मग टेबलावर दोन-तीनच बॉल उरले, मला पांढरा फक्त वीतभर पुढे न्यायचा होता, मी सवयीने हळूच हात पुढे केला. काहीच झालं नाही. पुन्हा केला. नाही. तिसऱ्यांदा किंचित जास्त जोर दिला तर पांढरा सुसाट निघाला, दोन कुशन घेऊन कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये.

मला वाटलं आपला हात अजून बसायचाय. म्हणून दुसऱ्या दिवशी सरावात दादाचा धडा लावला: समोरची कुशन, परत, थांब. वीस वेळा केलं. बहुतेक वेळा पांढरा अर्ध्या टेबलावरच थांबला, नाहीतर परत येऊन जवळच्या कुशनवर आदळून पुन्हा मध्यापर्यंत गेला. मधलं काही मिळेचना. तो गेम माझा हात तीनच प्रकारे वाचतो: मंद, मध्यम, जोरात. पडद्यावर जोर दाखवणाऱ्या मीटरवर पट्टी गुळगुळीत वर चढताना दिसते, पण बॉल त्या पट्टीचं ऐकत नाही.

हे असं का होतं ते मी शोधत बसले आणि ते समजल्यावर राग अजून वाढला. वीच्या मूळ रिमोटमध्ये वेग मोजणारं काही नाही. त्यात त्वरणमापक आहे, तीन दिशांचा. म्हणजे हाताचा वेग किती हे त्याला थेट कळत नाही, वेग किती झपाट्याने बदलतोय हे कळतं. त्यावरून वेगाचा हिशेब गेमला करावा लागतो. आणि त्या त्वरणमापकाला गुरुत्वाकर्षणही जाणवतं. रिमोट पुढे ढकलला की कलला, यातला फरक त्याला एकट्याने सांगता येत नाही. आता हळू स्ट्रोक घ्या. क्यूला अर्ध्या सेकंदात सेकंदाला अर्धा मीटर एवढाच वेग द्यायचाय. त्याचं त्वरण होतं सेकंदावर्ग एक मीटर. आणि मनगट नुसतं पाच अंशांनी कललं तरी गुरुत्वाकर्षणाचा जो हिस्सा त्या दिशेला येतो तो जवळजवळ तेवढाच भरतो. कोपर स्थिर ठेवून हाताचा पुढचा भाग लंबकासारखा हलवायचा, हीच तर क्यू मारायची योग्य पद्धत. त्यात रिमोट कलणारच. म्हणजे जो नीट मारतो त्याचाच स्ट्रोक या गेमला गढूळ दिसतो, आणि जो हात नुसता हिसडतो त्याचा स्वच्छ दिसतो. लेक माझ्याहून जास्त जिंकायला लागली ती यामुळे. तिचं जिंकणं मला आवडतंच, पण तिच्या हाताला चुकीची सवय लागतेय हे समोर दिसत असताना मला गप्प बसवत नव्हतं.

कुणी म्हणेल, यंत्राचीच मर्यादा आहे, बिचारे गेमवाले काय करणार. मला हे पटत नाही. वीच्या रिमोटच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा आहे. टीव्हीवर जी पट्टी ठेवतो तिला सेन्सर बार म्हणतात खरं, पण ती काहीच टिपत नाही, तिच्या दोन टोकांना फक्त इन्फ्रारेड दिवे आहेत. (म्हणूनच पट्टी बिघडली तर दोन मेणबत्त्या लावूनही काम भागतं. आम्ही करून पाहिलंय.) रिमोटमधल्या कॅमेऱ्याला ते दोन ठिपके दिसतात. रिमोट टीव्हीजवळ नेला की ठिपक्यांमधलं अंतर वाढतं, मागे घेतला की कमी होतं. क्यू मारताना आपण नेमकं हेच करतो, टीव्हीकडे रोखलेली वस्तू मागे घेतो आणि पुढे नेतो. हात किती सरकला हे त्या ठिपक्यांवरून काढता आलं असतं, त्वरणमापकाच्या आकड्याला त्याची जोड देता आली असती. या गेममध्ये कॅमेरा वापरलाय तो फक्त मेनूतली बटणं निवडायला! मारायच्या क्षणी तो बंदच. रिमोट छताकडे धरून हिसडा दिला तरी बॉल जातो, लेकीने ते दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं.

२००९ मध्ये मोशन प्लस नावाचा जोड आला. त्यात जायरोस्कोप होता, त्यामुळे कलणं वेगळं आणि ढकलणं वेगळं ओळखणं पुष्कळ सोपं झालं. आमची डिस्क त्याआधीची आहे, म्हणून तो नसल्याचा दोष मी देत नाही. जे रिमोटमध्ये पहिल्या दिवसापासून होतं तेही वापरलं नाही, हे माझं दुखणं आहे.

आता बॉलचं सांगते, कारण स्ट्रोक बाजूला ठेवला तरी टेबलावर पुढे जे घडतं तेही खोटं आहे. एक सोपी चाचणी आहे. पांढरा, समोरचा बॉल आणि पॉकेट एका सरळ रेषेत. पांढरा लांब. मध्यावर हळू मारायचा. खऱ्या टेबलावर पांढरा आधी कापडावर घसरतो, मग कापडाच्या घर्षणाने लोळायला लागतो. समोरच्या बॉलवर आदळला की त्याचा पुढे जाण्याचा वेग समोरच्याला मिळतो, पण लोळणं त्याच्यातच उरतं, आणि त्या लोळण्याच्या बळावर तो क्षणभर थबकून मागोमाग पुढे सरकतो. गणिताने तो आदळण्याआधीच्या वेगाच्या दोन सप्तमांश वेगाने पुढे जातो. तोच पांढरा जवळून ठोकला तर त्याला लोळायला वेळच मिळत नाही, घसरतच आदळतो आणि जागच्या जागी थांबतो. याला स्टन म्हणतात. एकच सरळ बॉल, पण पांढरा कुठे थांबणार हे अंतर आणि जोर ठरवतात. सगळा खेळ यावर उभा आहे, कारण आत्ताचा बॉल पॉट करताना पुढच्या बॉलसाठी पांढरा कुठे लागेल हेच डोक्यात असतं.

या गेममध्ये पांढरा दर वेळी जागच्या जागी थांबतो. लांबून, जवळून, हळू, जोरात, कसाही मारा.

मग तिरका बॉल घेतला. सारख्या वजनाचे दोन बॉल, पांढऱ्याला लोळणं नाही, अशी टक्कर झाली की ते एकमेकांपासून काटकोनात फुटतात. लोळत आलेला पांढरा मात्र काटकोनात निघतो आणि लगेच पुढच्या अंगाला वळतो, एक वक्र रेषा काढतो. हे आज-काल सापडलेलं नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्यांची दिशा वळते, त्या परिणामाला ज्याचं नाव आहे त्या कोरिओलिसने १८३५ मध्ये बिलियर्डच्या गणितावर आख्खं पुस्तक लिहिलं, आणि ती वक्र रेषा परवलयाची असते हे त्यात मांडलं. आम्ही गेममध्ये वरून दिसणारा कॅमेरा लावला, लेकीने पोस्टकार्डाचा कोपरा टीव्हीच्या काचेला धरला आणि मी लांबून, जवळून, हळू, जोरात मारत राहिले. प्रत्येक वेळी काटकोन. प्रत्येक वेळी सरळ रेषा. ती म्हणाली, "आई, हे तर बरोबरच येतंय की." तिला टेबलाशिवाय कसं समजावू? मी दोन कंचे घेऊन जमिनीवर दाखवायचा प्रयत्न केला, पण कंचे ते कंचेच.

खालून फिरकी दिली तर पांढरा मागे येतो खरा. पण समोरचा बॉल हातभर अंतरावर असो की टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, मागे तेवढाच येतो. प्रत्यक्षात उलटी फिरकी कापडावर झिजत जाते, लांबच्या बॉलवरून पांढरा मागे आणायला खूप सराव लागतो. मला पहिल्यांदा जमलं तेव्हा दादाने आपला क्यू खाली ठेवला होता, एवढंच आठवतं.

नियमांचं थोडक्यात. नाइन बॉलमध्ये फाउल झाला की समोरच्याला पांढरा टेबलावर कुठेही ठेवता येतो, इथे ब्रेकच्या रेषेमागेच ठेवायला लावतात. पॉट झाला नाही आणि टक्करीनंतर एकही बॉल कुशनला लागला नाही तर फाउल, हा नियमच नाही. बाकी कॉम्प्युटर खेळाडू कधी अशक्य बॉल मारतो, कधी पॉकेटच्या तोंडावरचा चुकवतो, त्यावर वेळ घालवत नाही.

आणि हे सगळं त्याच यंत्रावर बरं जमू शकतं याचा पुरावा आमच्याच घरात होता. रिमोटसोबत मिळायची ती वी प्लेची डिस्क. तिच्यातल्या नऊ छोट्या खेळांत बिलियर्ड हा एक. नाइन बॉलच्या धर्तीवरचा, एकच टेबल, सजावट नाही. त्यात रिमोट मागे घेऊन पुढे नेताना हळू आणि जोरात यांच्यामध्ये खूप पायऱ्या जाणवतात. टेबलाची बरोबरी तोही करत नाही, पण परवा त्यावर लॅगचा धडा लावला तर वीसपैकी सहा वेळा पांढरा जवळच्या कुशनच्या हातभर आत थांबला. ज्याच्यात बिलियर्ड हा नवांमधला एक, त्यात हाताची किंमत आहे. आणि ज्याचा अख्खा विषयच बिलियर्ड, त्यात नाही. रिमोट फक्त १४.८ सेंटिमीटरचा, क्यू साधारण १४७ सेंटिमीटरचा, त्यामुळे हाताला काठीचं वजन मिळणार नाही हे मला आधीच मान्य होतं. डाव्या हाताचा ब्रिज (क्यूला बोटांचा आधार) करून त्यावर रिमोट सरकवत मी ते मनातल्या मनात भरून काढत होते. बॉलने तरी खरं वागायला हवं होतं.

माझ्यासारखे टेबलापासून दूर झालेले पुष्कळ लोक असतील. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाला घराबाहेर पडता येत नाही. हात हलवून खेळायची यंत्रं आली तेव्हा त्यांच्यासाठी खरंच एक दार उघडलं होतं. बिलियर्डचा गेम करणाऱ्यांनी निदान एकदा एखाद्या खेळणाऱ्याला समोर उभं करून "हळू मारून बघा" म्हणायला हवं होतं. ते कुणी म्हटलं असतं तर ही डिस्क अशी बाहेर आली नसती असं मला मनापासून वाटतं.

आता विचारायचंय ते असं. २०१० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन मूव्हच्या टोकाला उजळणारा गोळा असतो आणि समोरचा कॅमेरा त्याच्या आकारावरून अंतर काढतो. म्हणजे मागे-पुढे नेलेला हात त्याला जास्त चांगला कळायला हवा. तुमच्यापैकी कुणाकडे तो आणि त्यावर चालणारा पूलचा गेम असेल तर माझ्यासाठी एवढंच करा. सरळ रेषेतला लांबचा बॉल घ्या, मध्यावर हळू मारा, आणि पांढरा मागोमाग किती सरकतो ते खाली लिहा. शक्य असेल तर व्हिडिओ टाका, दादालाही दाखवते.