पाणंद आणि पायवाट

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्षी ऊसतोडीच्या आधी पाणंदीचा, म्हणजे शेतांतून जाणाऱ्या गावाच्या वाटेचा, विषय निघतो. लोणंदच्या पुढे, पालखीच्या वाटेला लागून आमचं गाव आहे. ओढ्यापासून वरच्या शिवारात जाणारी पाणंद आजोबांच्या काळात समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्या सहज जातील एवढी रुंद होती. दोन्ही बाजूंचे बांध दर नांगरटीला थोडे थोडे आत सरकत गेले, आणि आता मधल्या एका गटाच्या मालकाने तिच्यावर आडवा चर मारला आहे. तहसीलदारांकडे अर्ज झाला, स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला, रस्ता मोकळा करण्याचा आदेश निघाला, त्यावर प्रांतांकडे अपील झालं. माझा चुलतभाऊ तारखांसाठी फलटणला हेलपाटे घालतो आहे.

या चर्चेत मी इंग्लंडमधल्या वाटांविषयी काही बोलले की दोन उत्तरं येतात. पुण्यातला भाचा लिहितो, "मावशी, आपल्याकडे सिव्हिक सेन्सच नाही. तुमच्याकडची माणसंच वेगळी." थोरल्या आत्यांचा आवाजी निरोप येतो, "तिकडं कसली गं माणुसकी? म्हातारे आईबाप नेऊन आश्रमात ठेवतात. आपल्याकडं दारात आलेला उपाशी जात नाही." दोघांवर माझं प्रेम आहे, पण दोघांचंही म्हणणं मला मान्य नाही. मी इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातल्या एका खेड्यात राहते आणि जवळच्या बाजारगावात फार्मासिस्टचं काम करते. इथे जे रोज दिसतं ते माणसांच्या रक्तातल्या चांगुलपणाने किंवा कोरडेपणाने समजत नाही.

आधी या मुलखाविषयी थोडं सांगते, कारण माझा जीव त्याच्यावर जडला आहे आणि ते लपवून पुढचं लिहिणं खरं होणार नाही. चुना-सिमेंट न लावता नुसते दगड रचून घातलेले गडगे टेकड्यांवरून मैलोन् मैल पळत जातात. एप्रिलमध्ये त्यांच्या आडोशाला नुकती जन्मलेली कोकरं उभी असतात, पाठीवर आईचाच नंबर रंगवलेला. मे महिन्यात हॉथॉर्नची कुंपणं पांढऱ्या फुलांनी भरून जातात. वरच्या माळावर टिटवीच्या कुळातला लॅपविंग पक्षी ओरडत गिरक्या घेतो. आवाज आपल्या टिटवीसारखा नाही, पण अंड्यांजवळ माणूस आला की करायचा कांगावा तोच, आणि तो ऐकला की मी क्षणभर आमच्या ओढ्याकाठी जाते. वाटेत कुणाच्या फाटकापाशी अंड्यांचे खोके आणि शेजारी पैसे टाकायचा डबा असतो. राखण करायला कुणी नसतं. कुणाचा हातमोजा पडला असेल तर मागून येणारा तो उचलून कुंपणाच्या खांबावर बसवून जातो, म्हणजे हरवलेल्याला परत येताना दिसेल.

आणि या सगळ्यातून वाट जाते, अगदी शेताच्या मधून. गहू असो, मोहरी असो, मेंढ्या चरत असोत, कुंपणापाशी पिवळा बाण असतो आणि पलीकडे जायला लाकडी पायऱ्या किंवा माणूस जाईल पण जनावर अडेल असं फिरतं फाटक. शेत खाजगी, वाट सर्वांची. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदलेल्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. त्या नकाशावर आहेत आणि त्यांची नोंद कौंटी कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडे, आहे. शेतकऱ्याने वाट नांगरली तर साधारणपणे चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, आणि शेताच्या मधून जाणारी पायवाट असेल तर निदान एक मीटर रुंद. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने विनाअडथळा, हक्काने चालत आले तर ती सार्वजनिक झाली असं कायदा गृहीत धरतो. नाही म्हणणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट पुढची आहे. वाट अडली तर तक्रार करायला तुमचं पलीकडे शेत असावं लागत नाही. लंडनहून एका दिवसासाठी आलेली, कुणाच्या ओळखीची नसलेली बाईसुद्धा कौन्सिलला कळवू शकते, आणि वाट मोकळी ठेवणं हे कौन्सिलचं कर्तव्य आहे.

हे इंग्रजांना कुणी वाढून दिलेलं नाही. माझ्या घरापासून गाडीने फार लांब नाही असं ईम नावाचं गाव आहे. १६६५ साली तिथे प्लेग आला. रोग आजूबाजूच्या गावांत जाऊ नये म्हणून पाद्री विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावाने वेस ओलांडायची नाही असं ठरवलं. शेजारची गावं हद्दीवर धान्य, भाकरी आणून ठेवत. ईमचे लोक हद्दीच्या दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवत. तो खळग्यांचा दगड आजही पायवाटेवर आहे. चॅट्सवर्थच्या महालातून डेव्हनशरच्या अर्लने ईमला रसद पुरवली. पुढे या सरदार घराण्याला ड्यूक हा वरचा किताब मिळाला.

त्याच घराण्याच्या ताब्यात नंतर इथून उत्तरेचा किंडर स्काउटचा माळ होता. तितर-कुळातल्या ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी तो बंद ठेवलेला, राखायला रखवालदार. मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर राबणारी पोरं रविवारी मोकळ्या हवेसाठी आगगाडीने इकडे येत आणि पाटीपाशी अडत. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे तरुण हेफील्डहून ठरवून त्या माळावर चढले. पुढे वीस वर्षांचा बेनी रॉथमन होता. रखवालदारांशी झटापट झाली, अटक झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि वाटांच्या नोंदीचा कायदा आला, १९५१ साली आमचा हा डोंगराळ मुलूख, पीक डिस्ट्रिक्ट, देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. माळरानावर कुठेही चालण्याचा हक्क मिळायला २००० सालचा कायदा लागला. २००२ साली त्या घराण्यातल्या तेव्हाच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वेळच्या वागण्याबद्दल लोकांसमोर माफी मागितली.

ईमला अन्न पाठवणारं घर आणि किंडर बंद करणारं घर एकच होतं, हे मी आत्यांना मुद्दाम सांगते. दारात आलेल्याला वाढणं थोर आहेच, पण ते वाढणाऱ्याच्या मनावर असतं. वाट कुणाच्या मनावर ठेवून चालत नाही.

भाच्यासाठीही यात उत्तर आहे. इथला चांगुलपणा बराचसा पाळ्या लावून चालतो. आमच्या गावात घरपोच औषधं नेणारे निवृत्त लोक आहेत. सोमवार कुणाचा, गुरुवार कुणाचा, बर्फ पडला तर ट्रॅक्टर कुणाचा, हे आधी लिहिलेलं असतं. मी पाकिटं भरून ठेवते, ते नेतात. परत येताना, अमक्या आजींच्या दारात कालचं दूध तसंच होतं, म्हणून सांगतात आणि मी डॉक्टरांना फोन करते. लाल टेलिफोन बूथ आता फोनसाठी लागत नाहीत; ब्रिटिश टेलिकॉमने एका पौंडाला एक असे ते गावांना दिले आणि पुष्कळ ठिकाणी आत हृदय बंद पडल्यावर झटका द्यायचं यंत्र बसवलं आहे. त्याची बॅटरी तपासायचीही पाळी असते. फेब्रुवारी-मार्चच्या ओल्या रात्री बेडूक-भेक तळ्याकडे निघतात, तेव्हा अंगात चकाकती जाकिटं घातलेली माणसं बादल्यांतून त्यांना रस्ता पार करून देतात. डोंगरात पाय मोडून पडलेल्याला खाली आणणारं रेस्क्यू पथक स्वयंसेवकांचं असतं. हातातलं काम टाकून ते रात्री-बेरात्री निघतात आणि एक पैसा घेत नाहीत.

अशी माणसं आपल्याकडे नाहीत, हे भाच्याने कुठून आणलं? लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स हे लोक दऱ्यांत दोर टाकून उतरतात ते काय पगारावर? आषाढात आमच्या भागातून माउलींची पालखी जाते, तेव्हा लोणंद-तरडगावच्या ओसऱ्या रिकाम्या करून दिलेल्या असतात. कुठली दिंडी, कुठलं गाव हे विचारायच्या आत ताट पुढे येतं. माझी आई पहाटे तीनला उठून पिठलं-भाकरी करायची, आणि जेवून गेलेल्यांपैकी एकाचंही नाव तिला ठाऊक नसायचं. शेतीच्या कामात एकमेकांना हात देणारी सावड आहे, इर्जिक आहे. अनोळखी माणसाला जीव लावायला आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण पालखी पुढे जाते आणि तेच गाव पुन्हा विचारायला लागतं, "कुणाची गं तू?" या प्रश्नात माया असते, मला ती ठाऊक आहे. त्याच प्रश्नात आडनाव असतं, भावकी असते, जात असते, आणि उत्तरावर पुढचं वागणं ठरतं. इथल्या फाटकाला ते कळत नाही. मी पहिल्यांदा एकटी माळावर गेले, तेव्हा समोरून येणाऱ्या म्हाताऱ्याने टोपीला हात लावला, पुढे चिखल आहे, डावीकडून जा म्हणाला आणि गेला. मी कुठली, इथे कशी, हे त्याने विचारलं नाही. एका परक्या बाईला त्या दिवशी किती मोकळं वाटलं, हे माझ्या गावातल्या लेकीबाळींना मला सांगायचं असतं.

इंग्लंड सगळं असंच नाही. इथेही प्रश्न विचारणारे आहेत. २९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली. हल्लेखोर मुस्लिम निर्वासित आहे अशी खोटी बातमी पसरली आणि दुसऱ्या दिवशी जमावाने तिथल्या मशिदीवर दगडफेक केली. नंतर गावोगाव दंगे झाले. त्या आठवड्यात आम्ही इथले सगळे भारतीय अंधार पडायच्या आत घरी येत होतो. साउथपोर्टमध्ये मशिदीची भिंत पडली, तिथे लगोलग गवंडी आणि शेजारपाजारचे लोक विटा, थापी, झाडू घेऊन आले आणि भिंत उभी केली. या दोन्ही गोष्टी एकाच गावात घडल्या. खेड्यांतल्या बस बंद होताहेत, गाडी चालवता न येणारी म्हातारी माणसं अडकून पडतात. माझ्या काउंटरवर औषधाच्या निमित्ताने नुसतं बोलायला येणारे आहेत, आणि आत्यांच्या म्हणण्यातला तेवढा भाग खरा आहे. फक्त त्यांना हेही कळावं की आपल्या आईची गोळ्यांची पेटी भरून घ्यायला दर आठवड्याला तीस मैलांवरून येणाऱ्या लेकीसुद्धा मी बघते. आणि आमच्या पिढीची कितीतरी मुलं परदेशात आहेत, त्यांचे आईवडील सातारा-पुण्यात शेजाऱ्यांच्या भरवशावर आहेत. माझी आईही.

आता पुन्हा पाणंद. कायदा आपल्याकडेही आहे. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे, बांधावरून वाट मागायला महसूल संहितेत कलम १४३ आहे, आणि २०२५ मध्ये सरकारने शेतरस्ता निदान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची सातबाऱ्यावर इतर हक्कांत नोंद व्हावी असा निर्णय घेतला. हे चांगलं पाऊल आहे. पण भांडायला उभा कोण? ज्याचा ऊस अडला तो. गावनकाशावर दुहेरी तुटक रेघांनी दाखवलेली पाणंद साऱ्या गावाची असते, तरी बाकीचं गाव म्हणतं, त्या दोघांचं ते बघतील.

कागदावर सर्वांचं असणं आणि पायाखाली सर्वांचं असणं यातलं अंतर महाराष्ट्राइतकं कुणाला ठाऊक आहे? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलने १९२३ साली केला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलंही केलं. पण पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो माणसं चालत जावी लागली, त्यांनी मार खाल्ला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल मिळेपर्यंत १९३७ उजाडलं. किंडरशी याची बरोबरी मी करणार नाही. तिथे रविवारची हवा मागितली होती, इथे माणूस म्हणून पाणी. महाड मला आठवतं ते आमच्या पाणंदीच्या भांडणात एक गोष्ट कुणीच बोलत नाही म्हणून.

पाणंदीच्या वरच्या टोकाला वस्ती आहे. तिथल्या कुणाचा ऊस नाही, बहुतेकांची जमीनच नाही. त्यांची मुलं पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून शाळेत येतात, आणि चर पडल्यापासून बांधावरून येतात, तिथे त्यांना शिव्या बसतात. बाळंतीण खाली आणायची तर खाटेवरून. पंचनाम्यात ट्रॅक्टर आहे, ऊसवाहतूक आहे, बैलगाडीची जुनी वहिवाट आहे. रोज पायी येणारी ही माणसं एकाही कागदावर नाहीत, आणि रस्ता सगळ्यात जास्त त्यांचा आहे, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नाही.

ग्रामसभेपुढे पाणंदीचा ठराव येणार आहे. चुलतभावाला मी लिहिलं आहे, "दादा, अर्जदारांत वस्तीतल्या बायकांची नावं घाल, त्यांच्या सह्या-अंगठे घे, आणि स्थळपाहणीच्या दिवशी त्यांना बोलव. मोजणीची फी मी पाठवते. आणि गावाने दर पंधरवड्याला दोघांनी वाट चालून बघायची पाळी लावावी, पहिली आपल्या घराची." त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आत्यांनी मात्र विचारलं आहे की वस्तीतल्या कुणाकुणाची नावं घालायची; त्या स्वतः जाऊन विचारून येतील.