डिक्शनरीचा क्रम पक्का असला तरी व्हेरिएबल चुकतात

पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकणाऱ्यांमध्ये, डिक्शनरीतील (म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या संग्रहातील) मूल्ये व्हेरिएबलमध्ये कशी काढावीत याबद्दल एक सूचना सध्या फार फिरते आहे. तिचा आशय असा: 'पायथन ३.७ पासून डिक्शनरीचा क्रम निश्चित झाला आहे, त्यामुळे प्रत्येक मूल्य वेगळे काढत बसण्याऐवजी सरळ "रुंदी, उंची, खोली = माप.व्हॅल्यूज()" असे लिहावे, काही चुकलेच तर एरर येते, जावास्क्रिप्टमध्येही हीच पद्धत आहे, आणि नावे फार असतील तर "लोकल्स().अपडेट(माप)" एवढी एक ओळ पुरते.' या सूचनेतील चारही मुद्दे तपासून पाहायला हवेत, कारण ती पाळणाऱ्याचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा नीट चालतो आणि जेव्हा बिघडतो तेव्हा काहीच न सांगता बिघडतो.

पहिला मुद्दा क्रमाचा. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ३.६ या आवृत्तीत सीपायथनच्या (पायथनच्या मूळ, नेहमीच्या इंटरप्रिटरच्या) डिक्शनरीची अंतर्गत रचना बदलली आणि तिच्यात क्रम टिकू लागला. जून २०१८ च्या ३.७ मध्ये तो भाषेचाच नियम झाला. इथपर्यंत सूचना बरोबर आहे. पण हा क्रम कशाचा, हे ती सांगत नाही. तो नोंदी भरल्या गेल्या त्याचा क्रम आहे, म्हणजे ज्याने डिक्शनरी भरली त्याच्या हातून जे आधी घडले ते आधी. समजा, 'माप' या डिक्शनरीमध्ये रुंदी, उंची आणि खोली याच क्रमाने भरली आहेत. रुंदीचे मूल्य नुसते बदलले तर तिची जागा तीच राहते. पण रुंदीची नोंद काढून टाकून पुन्हा घातली, तर ती शेवटी जाते आणि वरच्या ओळीने 'रुंदी' या व्हेरिएबलमध्ये उंची येऊन बसते. डिक्शनरी बाहेरून आलेल्या जेसनमधून (प्रोग्रॅममध्ये माहितीची देवाणघेवाण करण्याच्या मजकूर-स्वरूपातून) तयार झाली असेल, तर प्रश्न अधिक अवघड होतो. जेसनच्या मानकानुसार ऑब्जेक्ट, म्हणजे त्यातील नाव-मूल्य जोड्यांचा गट, हा क्रमरहित संग्रह आहे. पाठवणारा नावे अकारविल्हे लावून पाठवू शकतो, आणि पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या 'जेसनबी' प्रकारात साठवलेल्या मजकुरातील नावांचा मूळ क्रम राहतच नाही. पायथन आलेला मजकूर ज्या क्रमाने येतो त्याच क्रमाने इमानाने वाचतो, परंतु त्या क्रमाची हमी पाठवणाऱ्याने कधीच दिलेली नसते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की खुद्द पायथनच दोन डिक्शनरींची तुलना करताना क्रम विचारात घेत नाही. त्याच नावांना तीच मूल्ये असतील तर क्रम वेगळा असूनही त्या समान ठरतात. म्हणजे चाचणीत 'समान' म्हणून उत्तीर्ण झालेल्या दोन डिक्शनरी अनपॅक केल्यावर, म्हणजे वरच्यासारख्या एका ओळीत मूल्ये वाटून घेतल्यावर, व्हेरिएबलमध्ये वेगवेगळी मूल्ये देऊ शकतात. एवढे एक कारणही मला ही पद्धत सोडण्यास पुरेसे वाटते.

एरर येईलच, हा दुसरा मुद्दा. व्हेरिएबल आणि मूल्ये यांची संख्या जुळली नाही तर व्हॅल्यूएरर येते, हे खरे. पण पायथन फक्त संख्या तपासतो. तीन मूल्ये चुकीच्या क्रमाने आली तर त्याची काही तक्रार नसते, आणि तिन्ही साधे आकडे असल्याने पुढचा हिशोबही बिनबोभाट चालू राहतो. उलट, उद्या कोणी 'माप'मध्ये वजनाची चौथी नोंद घातली, जिच्याशी आपल्या फंक्शनला काही देणेघेणे नाही, तर हीच ओळ कोसळते. जिथे थांबायला हवे तिथे ती चालते आणि जिथे चालायला हवे तिथे थांबते. (घाईत 'व्हॅल्यूज()' लिहायचे राहिले तर मूल्यांऐवजी नावेच व्हेरिएबलमध्ये येतात, आणि संख्या जुळत असल्याने त्या ओळीवर तेही खपून जाते.)

जावास्क्रिप्टचा दाखला तर थेट उलट बाजूचा आहे. २०१५ च्या मानकाने त्या भाषेत आणलेल्या डिस्ट्रक्चरिंगमध्ये महिरपी कंसात नावे लिहिली, की मूल्ये नावानेच शोधली जातात. लिहिण्याच्या क्रमाला तिथे अर्थ नसतो. पायथनमधील त्याच्या जवळची सोय म्हणजे ३.१० मध्ये आलेले 'मॅच' विधान. त्यात हव्या त्या नावांचा साचा लिहिता येतो आणि डिक्शनरीतील जादा नोंदींकडे दुर्लक्ष होते. मात्र एकही साचा जुळला नाही तर ते निमूटपणे पुढे जाते, म्हणून शेवटी एरर देणारी एक शाखा आपण स्वतः लिहावी लागते.

चौथा मुद्दा 'लोकल्स().अपडेट()'चा, म्हणजे त्या जागेच्या व्हेरिएबलांच्या डिक्शनरीत नावे भरण्याचा. तो अनेकांना खरा वाटतो, कारण ते इंटरप्रिटरच्या प्रॉम्प्टवर करून पाहिले तर चालते. तिथे 'लोकल्स()' प्रत्यक्ष ग्लोबल (म्हणजे संपूर्ण मॉड्यूलच्या नावांची) डिक्शनरीच देते. फंक्शनच्या आत मात्र कोणती नावे स्थानिक, हे कंपाइल होतानाच ठरते, त्यामुळे आपण भरतो ती त्यांची प्रत असते आणि व्हेरिएबल तयार होत नाहीत, ३.१३ पासून तर तिथे दर वेळी नवी स्वतंत्र प्रत मिळते. त्याऐवजी ती ग्लोबल डिक्शनरी देणारे 'ग्लोबल्स()' वापरले तर नावे तयार होतात, पण बाहेरून आलेल्या माहितीत 'सम' किंवा 'लिस्ट' असे इंग्रजी नाव निघाले तर त्या मॉड्यूलमध्ये मूळ फंक्शन झाकले जाते.

तीन मूल्ये हवी असतील तर 'रुंदी = माप["रुंदी"]' अशा तीन ओळी लिहाव्यात. नाव नसेल तर तिथेच कीएरर येते आणि नेमके काय हरवले तेही कळते. एकाच ओळीत हवे असेल तर 'ऑपरेटर' मॉड्यूलमधील 'आयटमगेटर'ला नावे दिली, की ते एक फंक्शन देते आणि त्या फंक्शनला डिक्शनरी दिली, की मूल्यांचे टपल (क्रमवार संच) मिळते. फक्त एकच नाव दिले तर टपलऐवजी नुसते मूल्य मिळते, हे ध्यानात ठेवावे. मूल्ये फंक्शनलाच द्यायची असतील तर दोन तारांकनांनी डिक्शनरी पसरवावी, म्हणजे जोडणी पॅरामीटरच्या नावाने होते. 'व्हॅल्यूज()' मी वापरते ते बेरीज किंवा सर्वांत मोठे मूल्य काढताना, जिथे कोणते मूल्य कोणाचे याने उत्तरात फरक पडत नाही.