दाद पुसू नका

पुण्या-मुंबईच्या मैफलींची हल्लीची काही रेकॉर्डिंग ऐकली की गवई बंद खोलीत एकटाच गातोय असं वाटतं. समेवरची 'वाह' गायब, टाळ्या थेट शेवटी. वाजणाऱ्या मोबाईलमुळे श्रोत्यांवर सगळे चिडलेत, ते रास्तच आहे. पण त्या रागात दादही कापायची, हे इथे शिकागोत राहून मला मुळीच पटत नाही.

या शहराच्या दक्षिण भागात रीगल थिएटर होतं. १९७३ साली ते पाडलं. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी तिथे ब्लूज या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गानशैलीतला गायक-गिटारवादक बी. बी. किंग गायला आणि १९६५मध्ये 'लाइव्ह ॲट द रीगल' हा अल्बम निघाला. ब्लूजचं आवर्तन बहुधा बारा बारचं (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट, साधारण चार ठोक्यांचा), म्हणजे चार-चार बारच्या तीन ओळी. साधारण दोन बार किंग गातो, उरलेल्या दोनांत त्याची गिटार ल्युसिल उत्तर देते. श्रोते शिरतात ते याच फटीत. 'हाऊ ब्लू कॅन यू गेट' ऐका. नवी फोर्ड दिली, दहा डॉलरचं जेवण दिलं, पेंटहाउस दिलं, तिला सगळंच कमी. साथीदार फक्त ठोके देत थांबतात. मग सात मुलांची ओळ येते, ती मुलंही आता तिला परत करायचीत, आणि थिएटर दणाणून जातं. तो गलका पुसला, तर पुढे किंगचा आवाज इतका का चढतो ते कळणारच नाही.

आपल्याकडेही हे जमण्यासारखं आहे. श्रोत्यांकडे तोंड करून दोन वेगळे माइक लावा, त्यांचे ट्रॅकही वेगळे ठेवा. हे माइक मंचापासून दहा मीटरवर असतील, तर गाणं तिथे सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतं. सगळे ट्रॅक एकत्र मिसळताना, म्हणजे मिक्स करताना, हा ट्रॅक तेवढा आधी सरकवला नाही, तर आवाज गढूळ होतो. रिंगटोन वाजली, तर त्या ट्रॅकवर तेवढ्याच जागेचा आवाज खाली आणा. आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारा लिमिटरही याच ट्रॅकवर हवा. सगळ्या मिक्सवर कडक लावला, की टाळ्यांबरोबर गायकही दबतो.

सरसकट नॉइज रिडक्शन, म्हणजे गोंगाट पुसणारं सॉफ्टवेअर, तर लावूच नका. ते सलग आवाजाला गोंगाट समजतं आणि आपल्याकडचा सर्वांत सलग आवाज तानपुऱ्याचा. तारांची ती झणकार, जवारी, जाते, मागे पाण्यात बोलल्यासारखा बुडबुडा उरतो. लावावंच लागलं, तर गोंगाटाचा नमुना तानपुरा छेडण्याआधीच्या शांततेतून घ्या.