आपत्तीची आवक नोंद घ्यावी

विद्यापीठाच्या परिसरात आपत्ती ओढवल्यास आपण सर्वप्रथम घड्याळ पाहावे, कारण कार्यालय सुटल्यानंतर आलेली आपत्ती दुसऱ्या दिवशीच्या आवक नोंदवहीत चढेपर्यंत घडलेलीच नसते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झाला, हे मराठवाड्यात घरोघरी ठाऊक आहे. मात्र तोही कार्यालयीन वेळेबाहेरचाच असल्याने, रात्रीच्या रखवालदाराने कोणता निर्णय स्वतः घ्यावा एवढे ठरवून ठेवण्याचे बंधन आपल्यावर येत नाही.

समजा, मुलींच्या वसतिगृहात रात्री साडेअकराला जिन्याखालच्या मीटरपेटीतून धूर येऊ लागला. मेन स्विचच्या खोलीची किल्ली विद्युत विभागाकडे आहे, मागच्या जिन्याच्या जाळीची किल्ली रेक्टर मॅडमकडे आहे आणि मॅडम लग्नासाठी जिंतूरला गेल्या आहेत. भिंतीवरच्या अग्निशामक सिलिंडरचा काटा तांबड्या पट्ट्यात टेकलेला आहे. त्याच्या गळ्यातल्या पुठ्ठ्यावर तपासणीची सही मात्र ताजी आहे. "काका, कुलूप तोडा ना!" असे मुली ओरडू लागल्यास, तोडलेल्या कुलपाची वसुली कोणाच्या पगारातून होईल, याचे स्मरण रखवालदारास करून द्यावे. धुरापेक्षा तो याच प्रश्नाला अधिक घाबरतो, आणि अकरा महिन्यांच्या कंत्राटावरच्या माणसाने घाबरू नये असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम १२(७) नुसार तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंना आधी कृती करून नंतर संबंधित प्राधिकरणास लेखी कळवता येते. एवढे सरळ कलम वाचून आपण गडबडून जाऊ नये. ते परीक्षांच्या आणि प्रवेशांच्या अडलेल्या फायलींसाठी जपून ठेवावे. जिन्याखालच्या धुरावर खर्चू नये. १०१ क्रमांकावर दूरध्वनी करण्यासही कोणाची परवानगी लागत नाही, ही बाब शक्यतो सूचनाफलकावर येऊ देऊ नये.

समिती नेमावीच. तिचे अध्यक्षपद प्रभारी अधिकाऱ्याकडे द्यावे, म्हणजे अहवाल येईपर्यंत पदभार बदललेला असतो.

एवढे करूनही मुलींनी खलबत्त्यातला बत्ता घालून कुलूप फोडले आणि त्या सुखरूप बाहेर आल्या, तर कारणे दाखवा नोटीस तीन दिवसांच्या मुदतीची असावी आणि वसतिगृहाच्या खोलीत खलबत्ता ठेवण्याची परवानगी कोणी दिली, याच मुद्द्यावर चौकशी केंद्रित ठेवावी.